खात्री नसेल तर

मुर्मान व्रोत्स्वाफला गेला, फ्रिज जोडायच्या कारखान्यात,
आणि त्याचा लॅपटॉप माझ्याकडे राहिला,
एक बिजागरी तुटलेला, घसा बसलेला.
रविवारी पडद्यावर भाऊ दिसायचा,
ओठ हलायचे. बस्स.

शेजारचा ज्वेबे म्हणाला, दोदो मावशी,
आवाजाची चिप नवी आहे, मगज जुना.
मगज?
कर्नल. कवचाच्या आत असतो तो. नवा उतरवायचा,
आणि आपला आपण घडवायचा.
चौदा वर्षांचा पोर. घडवायचा म्हणाला
जसं काही घावन घालायचंय.

बाहेर ताडपत्र्यांवर हेझलनट वाळत होते.
त्या दिवसांत सगळं झुगदिदी
मगजाचाच भाव विचारत असतं.

मग प्रश्न सुरू झाले.
बावीस वर्षं दवाखान्यात केसपेपर भरलेत मी,
इतके प्रश्न आम्ही कुणा मरणाऱ्यालाही विचारले नाहीत.
जॉयस्टिक आहे का? हौशी रेडिओ?
शेकडो प्रोसेसरांचा महासंगणक?
फ्लॉपी?
(फ्लॉपी आहे. कपाटात. मुर्मानच्या लग्नाचे फोटो.
आता ते लग्नही नाही आणि वाचणारं यंत्रही.)
उत्तरं तीनच: हो, नाही,
आणि तिसरं, लागेल तेव्हा बोलावू.
हे तिसरं फार आवडलं मला.
नवऱ्याला द्यायचं राहून गेलं.

प्रत्येक प्रश्नाखाली मदतीच्या चार ओळी
आणि शेवटी बऱ्याचदा, दमलेल्या माणसानं लिहावं तसं:
खात्री नसेल तर नाही म्हणा.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
खात्री नसली की मी हो म्हणत आले,
जादा रात्रपाळीला, काकूच्या आजारी गाईला,
उचाच्या कर्जावर सहीला.
त्या रात्री मात्र सुटलेच.
नाही. नाही. चहा पुन्हा गरम करून आले, नाही.
काय सांगू, किती हलकं वाटलं.

मग एक आज्ञा, आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या,
अनोळखी फाइलींची नावं,
मृतांची यादी भरभर वाचणाऱ्या पाद्र्यासारखी.
पंखा घोंघावला. मांजर त्या उबेला येऊन टेकलं.
एक वाजता वीज गेली. बॅटरी केव्हाच मेलेली.
अडीचला आली. पुन्हा तीच आज्ञा दिली
तर जिथं थांबलं होतं तिथूनच चालू लागलं,
कुरकुर नाही, पहिल्यापासून सांगा नाही.
असं एखादं माणूस भेटायला हवं होतं.

पहाटे बंद करून चालू केलं.
काळा पडदा, पांढरी अक्षरं,
त्यात एक शब्द वॉर्डातला, ओळखीचा: पॅनिक.
मूळ सापडत नाही, म्हणत होतं.
मूळ बसवता येत नाही.
मी नाडी बघायला हात पुढे केला, खरंच,
आणि मागे घेतला.

ज्वेबे दात घासत आला, यादी खालपर्यंत चाळली,
फेस सांडेपर्यंत हसला.
डिस्कवरचं वाचता येऊ दे का,
यालाही मी नाही म्हणाले होते.

जुना पुसला नाहीस ना?
नव्हता पुसला. सुरुवातीच्या यादीत तो खाली उभाच होता,
एन्टर दाबल्याबरोबर आला,
मुका, पण आला.

दुसऱ्या रात्री प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला.
नावापुढे शेपूट जोडलं, दोदो-२.
दोदो-१ चं काय झालं ते सांगितलंच.
सुरू होताना स्पीकर खुट् वाजला,
शेजारच्या घरात चमचा पडावा तसा.

रविवारी मुर्मान सवयीनं हातवारेच करत होता.
ओरडू नकोस, म्हटलं, येतंय ऐकू.
तो गप्प झाला. नाक ओढल्याचंही ऐकू आलं.
मग म्हणाला, हिवाळ्याआधी तूही ये इकडे,
कारखान्यात बायका घेतायत.

खात्री नव्हती.
कीबोर्डवरून मांजर उचलत मी म्हणाले,
लागेल तेव्हा बोलाव.